कुत्र्याने विषारी काही गिळलं तर घरच्या घरी उलटी कशी काढायची?

काढायचीच नाही. मिठाचं पाणी पाजा सांगणारे खूप भेटतील, त्यांना आधी गप्प करा, उलटी झाली नाही तर ते सगळं मीठ रक्तात जातं आणि एवढ्या मिठानेही कुत्रं दगावू शकतं.

आमच्या कुत्रीने उंदराचं औषध खाल्लं तेव्हा माझे दीर घरी आलेले. ती आपली शेपूट हलवत खेळतेय, त्यावर हे म्हणाले वहिनी, ठणठणीत आहे की, उद्यापर्यंत बघू. मी चावलेलं पाकीट उचललं, तिला गाडीत घातलं आणि डॉक्टर गाठला. पाकीट न्यायलाच हवं, कारण उंदराची औषधं वेगवेगळी असतात. आमच्यावर ब्रोमॅडिओलोन लिहिलेलं. त्याने रक्त गोठायचं बंद होतं, पण लगेच नाही, रक्त गोठवणाऱ्या घटकांचा अंगातला आधीचा साठा संपेपर्यंत 3 ते 5 दिवस कुत्रं धडधाकट दिसतं आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी काढली, मग व्हिटॅमिन के-1 च्या गोळ्या जवळजवळ महिनाभर, जेवणासोबत, आणि गोळ्या थांबवल्यावर 2 दिवसांनी रक्ताची तपासणी. झिंक फॉस्फाइड असतं तर या गोळ्यांचा काही उपयोग नसता, त्याचा पोटात विषारी गॅस होतो, उलटीच्या वासाने माणसालाही बाधतं.

तर कुत्रीला काहीच झालं नाही आणि तिथेच माझी पंचाईत झाली. चार पाहुणे जमले की दीर सुरू, काही झालं नव्हतं हो, वहिनींनी उगाच डॉक्टरचं घर भरलं. अहो भाऊजी, काही झालं नाही कारण गोळ्या दिल्या! रक्त वाहिलं असतं तरच तुम्हाला पटलं असतं का?

हां, एक राहिलंच. डॉक्टरसुद्धा दरवेळी उलटी काढत नाहीत. बटण सेल, अ‍ॅसिड, पेट्रोल, सुई असलं काही असेल तर वर येताना परत भाजतं, टोचतं नाहीतर पेट्रोलसारखं फुप्फुसात जातं. आणि दोरा तोंडातून किंवा मागून लोंबत असेल तर ओढू नका, आतडं कापलं जातं. उलटीचा फायदाही साधारण पहिल्या 2 तासांतच, त्यामुळे निघतानाच फोन करून काय खाल्लं, किती वाजता, कुत्र्याचं वजन किती एवढं सांगा. घरातल्यांची मतं गाडीत बसल्यावर ऐका.