एस्टीमचा फ्यूएल प्रेशर रेग्युलेटर घरी बदलता येईल का?

आपण विचारले आहे की, २००४ सालची एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) मारुती एस्टीम काळा धूर सोडते, अ‍ॅव्हरेज घसरले आहे आणि मेकॅनिकने ‘फ्यूएल प्रेशर रेग्युलेटर’, म्हणजे पेट्रोलचा दाब सांभाळणारा भाग, गेला असे सांगितले आहे. तर तो घरी बदलता येईल का, आणि बाजारातला स्वस्त पार्ट चालेल का? बदलता येतो. दोन बोल्ट, दोन पाइप आणि एक ओ-रिंग (सांधा गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी), एवढेच ते काम आहे. पण तो गेला हे मेकॅनिकने कशावरून ठरवले, याबद्दल आपण काहीच लिहिलेले नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात २४ वर्षे काम केले. गेजवरचा दाब वाचल्याशिवाय आम्ही कुठल्याही व्हॉल्व्हला पाना लावत नव्हतो. वडिलांच्या पश्चात त्यांची एस्टीम माझ्याकडे आली, तेव्हा तिलाही आपण लिहिता तोच काळ्या धुराचा त्रास सुरू झाला होता; शिवाय गरम इंजिनावर सेल्फ बराच वेळ मारावा लागे, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) गाडी थरथरे आणि सायलेन्सरच्या तोंडाला काजळी धरे. माझ्या थोरल्या भावाने ती त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. तिथे आधी प्लग बदलले, मग टाकीतला पंप, मग ऑक्सिजन सेन्सर. साडेअकरा हजार रुपये गेले आणि धूर होता तसाच राहिला. दादा म्हणाला, “गाडी म्हातारी झाली, भंगारात घाल.” मी म्हणालो, “पंप कमजोर असता तर इंजिनाला पेट्रोल कमी पडले असते. काळा धूर पेट्रोल जास्त झाल्याचा असतो. मग पंप कशासाठी बदलला?” त्यावर त्याने मला सुनावले की, कारखान्यातले शहाणपण गाडीला लागू होत नाही. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

ते शहाणपण गाडीला तंतोतंत लागू होते. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा एवढेच ठरवतो. तेवढ्या वेळात पेट्रोल किती जाईल, हे रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब आणि मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातला) दाब यांच्यातील फरकावर अवलंबून असते. तो फरक कायम राखणे हे रेग्युलेटरचे काम. त्याच्या आत रबरी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, असतो. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम. डायफ्रामला चीर पडली की पेट्रोल व्हॅक्यूमच्या पाइपातून थेट मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते आणि या चोरवाटेने गेलेल्या पेट्रोलवर ईसीएमचे नियंत्रण राहत नाही.

एका रविवारी सकाळी मी अंगणात, थंड इंजिनावर, रेग्युलेटरच्या टोकावरचा व्हॅक्यूम पाइप हाताने उपसला. पाइपाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. तो मी वर्तमानपत्राच्या कागदावर पडू दिला. कागद पारदर्शक झाला आणि मिनिटभरात डाग न ठेवता वाळला. ते पेट्रोल होते. त्या पाइपात हवेखेरीज काहीही असता कामा नये, त्यामुळे निकाल तिथेच लागला होता. तरीही मी रेलकडे पेट्रोल आणणाऱ्या फीडच्या पाइपात टी जोडून गेज लावला, कारण दादाला आकडा दाखवायचा होता. या इंजिनाला आयडलवर २.१ ते २.६ आणि इंजिन बंद ठेवून पंप चालवल्यास २.७ ते ३.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब लागतो, आणि पंप थांबल्यावर मिनिटभराने तो २ च्या वर राहायला हवा. माझा काटा मिनिटात अर्ध्या किलोवर आला. नुसता दाब उतरणे हा रेग्युलेटरविरुद्ध पुरावा नव्हे, कारण पंपाचा गळका चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टरही तेच करतो. इथे ओला पाइप निर्णायक होता. आपला पाइप कोरडा असेल आणि दाब मात्र उतरत असेल, तर रिटर्नचा, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा, रबरी पाइप हलक्या हाताने दाबून पाहा: दाब टिकला तर रेग्युलेटरची सीट (आतली झडप जिथे बसते ती जागा) गळते, नाही टिकला तर रेग्युलेटरला हात लावू नका. उलट दाब जास्त दिसला तर आधी रिटर्न लाइन कुठे चेपली किंवा चोंदली आहे का ते तपासा.

बदलण्याच्या कामात जपायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण एकीतही सवलत नाही. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, नंतर दोन-तीनदा सेल्फ मारावा, बॅटरीची निगेटिव्ह काढावी आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तरीही वाटीभर पेट्रोल सांडेल, म्हणून खाली फडके ठेवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व जमिनीलगत साचते, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये हे काम करूच नये. माझ्या पत्नीने त्या संध्याकाळी वास पूर्ण जाईपर्यंत तुळशीपाशी दिवा लावला नाही, आणि तिचे बरोबर होते. जुनी ओ-रिंग चपटी होऊन कडक झाली होती. नखाने दाबताच तिचे दोन तुकडे झाले. नवी ओ-रिंग पेट्रोलसाठीच बनवलेली हवी, नळाच्या दुकानातली चालणार नाही. तिला पेट्रोलचे बोट लावून रेग्युलेटर सरळ आत बसवावा, तिरपा रेटू नये. बोल्ट छोटे आहेत, दहाच्या पान्यावर जोर काढू नये. नंतर फ्यूज व बॅटरीची निगेटिव्ह परत जोडून, इंजिन सुरू न करता चावी तीन वेळा ऑन-ऑफ करून टॉर्चच्या उजेडात सांध्याभोवती ओल दिसते का ते पाहावे.

त्यानंतर माझा धूर थांबला. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून तेही बदलले. आपणही डिपस्टिक हुंगून पाहा, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगे खाते. गाडीच्या बनावटीला मी दोष देणार नाही, वीस वर्षांच्या रबराकडून आणखी किती अपेक्षा ठेवायची! दोष न मोजता भाग बदलत जाणाऱ्या पद्धतीचा आहे. दादा आजही सांगतो की नवा पंप ‘सेट’ व्हायला वेळ लागला. पंप बदलल्यानंतर दीड महिना धूर येतच होता आणि रेग्युलेटर बदलला त्या दिवशी तो थांबला, एवढे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

पार्टविषयी एवढेच सांगेन की स्प्रिंगचा दाब कारखान्यातच ठरलेला असतो, तो आपल्याला फिरवून जुळवता येत नाही. म्हणून आपल्याच इंजिनासाठीचा, पार्ट नंबर जुळणारा घ्यावा. नुसता दिसायला सारखा म्हणून स्वस्तातला घेऊ नये.

हे सारे रेलवर रेग्युलेटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांपुरते आहे. अनेक नव्या गाड्यांत तो टाकीत पंपाबरोबरच असतो. ते काम मी घरी करायला सांगणार नाही. कॉमन रेल डिझेलला तर कुणीही घरी पाना लावू नये, तिथले दाब हजार बारच्या पुढे जातात. शिवाय काळा धूर चोंदलेल्या एअर फिल्टरने येतो, आणि पाण्याचा टेंपरेचर सेन्सर इंजिन सतत थंड असल्याचे सांगत राहिला तरीही येतो. म्हणून पार्ट मागवण्याआधी व्हॅक्यूमचा पाइप काढून पाहा, आणि तो ओला आहे की कोरडा, तसेच आयडलवरचा व बंद केल्यानंतर मिनिटाने दिसलेला असे गेजचे दोन आकडे इथे लिहा.