तळ्याकाठची पत्रपेटी : बोट वळणावरच का उलटते?

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले की पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून मी रिमोटच्या बोटी बनवते आणि रविवारी सकाळी पळवते. त्या एका वाक्यावर २१ पत्रं आली. मिक्सरच्या बुशवर सबंध पान लिहिलं होतं, त्यावर दोन आली होती. असो. यावेळी बोटींचीच पत्रं घेते, मिक्सरवाल्यांनी महिनाभर दम धरावा. तळं कुठलं हे बऱ्याच जणांनी विचारलंय. ते सांगणार नाही, गर्दी होईल.

मावशी, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तयार बोट घेतली, ६० सेंटिमीटरची, ब्रशलेस मोटरची. सरळ भन्नाट जाते, पण वळवली की पालथी. कधीकधी मात्र नीट वळते. रिमोट खराब आहे का? शर्यतीत लोक कसं वळवतात? – विद्यार्थी, वाडी

बाळा, 'कधीकधी नीट वळते' हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे, आणि तू ते जाता जाता लिहिलंस. पैज लावते, नीट वळते तेव्हा तू उजवीकडे वळवलेली असतेस.

एका पंख्याच्या बहुतेक बोटींचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. पंखा एकीकडे फिरला की बोटीचं अंग दुसरीकडे कलू बघतं. ड्रिल मशीन अडकलं की हाताला हिसका बसतो ना, तेच. म्हणजे तुझ्या बोटीचा कल कायम उजवीकडे असतो. उजवीकडे वळवलीस तर ती वळणाच्या आत झुकते, सायकलवाल्यासारखी. डावीकडे वळवलीस तर तोच कल वळणाच्या बाहेर पडतो आणि बोट आडवी होते. म्हणून रिमोटच्या बोटींच्या लंबगोल शर्यती घड्याळाच्या दिशेने, सगळी वळणं उजवी ठेवून होतात. मागच्या फळीला उजव्या बाजूला धातूची एक उभी पट्टी असते, टर्न फिन म्हणतात. वळताना ती पाणी कापून बोटीला घसरू देत नाही. तुझ्या बोटीची वाकलेली आहे का बघ. पहिल्याच दिवशी काठाच्या दगडावर आपटून ती वाकते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं, बॅटरी कुठे ठेवतोस? खोल 'व्ही' आकाराच्या बोटीचा तोल मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर यावा. तुझ्या बोटीत म्हणजे १८ सेंटिमीटरच्या आसपास. दोन बोटांवर बोट तोलून खूण कर. बॅटरी फार मागे गेली तर नाक वर उठतं, खाली हवा शिरते आणि बोट सरळ जाताना मागे उलटते. फार पुढे गेली तर नाक पाण्यात रुततं. वेलक्रो लावून एकेक सेंटिमीटर सरकवून बघ, वहीत लिहून ठेव. लिहून ठेव असं मी ३२ वर्षं पोरांना सांगत आले, तूही लिहिणार नाहीस, पण सांगते.

आणि वळणाआधी थ्रॉटल सोड. वळणात शिरल्यावर सोडलास तर उशीर झाला.

खोक्यावर '८० किमी' छापलंय त्यावर जाऊ नकोस. मोटरवर २००० केव्ही लिहिलं असेल तर ते किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टला मिनिटाला २००० फेरे. चार सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, १४.८ व्होल्टची, म्हणजे २९,६०० फेरे. पंखा एका फेऱ्यात ५६ मिलिमीटर पुढे सरकणारा धरला तर हिशेब तासाला ९९ किलोमीटरवर जातो. पण पाणी काही लोखंडाचं नाही, पंखा त्यात घसरतो, आणि भार पडला की फेरेही उतरतात. कागदावरचे ९९ तळ्यावर कितीतरी कमी होतात. विकणारा मात्र कागदावरचेच छापतो.

शर्यतीचं विचारलंस. आपल्याकडच्या शंकरपटात जोड्या सुटतात त्या उभ्या जागेवरून. इथे तसं नाही. अमेरिकेत नाम्बा आणि इम्पबा या दोन संघटनांच्या शर्यतींत बोटी आधीच पाण्यात फिरत असतात आणि घड्याळ उलटं मोजत असतं. शून्याच्या ठोक्याला तुमची बोट पूर्ण वेगात रेषेवर असली पाहिजे. अर्धा सेकंद आधी ओलांडली तर दंड, दोन सेकंद उशिरा आलात तर पुढच्यांचे फवारे तोंडावर. माझ्या मते अर्धी शर्यत इथेच ठरते. चालवणारा काठावर उभा असतो आणि शेजारी त्याचा साथीदार कानाशी बोलत असतो, 'आत एक आहे, बाहेर जा, पुढे पालथी पडलीय.' वळणाच्या खुणेचा तरंगता बोया आतून कापला तर दंड. उलटलेली बोट हीट, म्हणजे शर्यतीची ती खेप, संपेपर्यंत तिथेच तरंगते, मग माणसं नावेतून जाऊन उचलून आणतात.

गुण असे: पहिल्याला ४००, मग ३००, २२५, १६९, १२७, ९५. दर वेळी मागच्याच्या पाऊण. आता तूच हिशेब कर. चार हीटपैकी दोन जिंकून दोनदा पालथा पडलेला ८००वर थांबतो. चारही वेळा दुसरा आलेला १२०० घेऊन घरी जातो. तुझ्यासारख्या भन्नाटवाल्यांना हे पटत नाही.

युरोपात तर याहून चिवट प्रकार आहे. १९५९ साली स्थापन झालेली नाविगा ही जागतिक संघटना एफएसआर-व्ही नावाच्या वर्गाच्या शर्यती घेते. इंजिनाच्या बोटी, ३.५ सीसीपासून पुढे, एका वेळी बऱ्याच जणी पाण्यात, इंग्रजी 'एम'च्या आकाराचा मार्ग आणि अंतिम शर्यत अर्धा तास. जास्त फेऱ्या करेल तो जिंकला. मध्ये इंधन भरायला काठावर यायचं आणि परत पळायचं. अर्धा तास एक स्क्रू ढिला न होणं ही वर्कशॉपची परीक्षा आहे, आणि मला विचारशील तर हाच खरा खेळ.

ताई, मुलगा १३ वर्षांचा आहे. बोटीसाठी लिपो बॅटरी मागतोय. मोबाइलवर त्या पेटल्याचे व्हिडिओ बघितले. घेऊन द्यावी का? – एक आई, मनीषनगर

द्या, पण चार्जिंग तुमच्या नजरेसमोर झालं पाहिजे. भरलेल्या सेलला ४.२ व्होल्ट, वापरून ३.२च्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि आठवडाभर ठेवायची तर ३.८ला. हे आकडे त्याच्याकडून पाठ करून घ्या, पाढ्यासारखे. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर घ्या, मोबाइलचा चालत नाही. चार्जिंग फरशीवर, गादीवर नाही, आणि रात्री झोपताना तर नाहीच. फुगलेली बॅटरी 'अजून चालतेय की' म्हणून वापरायची नाही.

आणि आपलं नागपूर विसरू नका. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅटरी म्हणजे तव्यावर टाकलेला पापड. माझी एक अशीच फुगली, बर्डीवर दुपारी दोन ब्लाउजपीस घ्यायला उतरले होते तेवढ्या वेळात. तेव्हापासून उन्हाळ्यात बॅटऱ्या पाणी प्यायच्या थर्मासच्या पिशवीत, बर्फाशिवाय.

बॅटरीपेक्षा मला दुसरीच भीती वाटते. जलपर्णीत बोट अडकली की पोरं पाण्यात उतरतात. ते अजिबात नाही. टेनिसच्या चेंडूला मासेमारीची दोरी बांधून बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढायचं, हे त्याला अंगणात शिकवा. नाही आली तर बोट गेली असं समजायचं.

मावशी, रिमोटची पहिली बोट कोणी बनवली? – इयत्ता आठवी, मानेवाडा

निकोला टेस्लाने. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पाण्याच्या टाकीत लोखंडी बोट चालवून दाखवली, तार न जोडता. लोकांना वाटलं जादू आहे. सांगतात की प्रेक्षकांतून कोणीतरी ६४चं घनमूळ विचारलं आणि बोटीचे दिवे चारदा लुकलुकले. अर्थात बटण टेस्लाच्या हातात होतं. घनमूळ तुझं झालंय का शाळेत?

तेव्हापासून खूप वर्षं रेडिओची भानगडच होती. माझी पहिली बोट २७ मेगाहर्ट्झवर चालायची. रिमोटमध्ये आणि बोटीत लहर ठरवणारं जोडीचं क्रिस्टल असायचं, आणि दोघांकडे एकच क्रिस्टल निघालं तर दोन्ही रिमोट एकाच बोटीला हुकूम द्यायचे. म्हणून शर्यतींत फळीला चिमटे टांगलेले असत, कपडे वाळत घालायचे असतात तसले. ज्याच्या हाती त्या क्रिस्टलचा चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. आमच्या तळ्यावर असला चिमटा नव्हता. एका रविवारी काठावर कोणाच्या तरी पोराने खेळण्यातली गाडी चालू केली आणि माझी सागवानी बोट पूर्ण वेगात घाटाच्या पायरीवर गेली. चार महिन्यांचं काम. पोरगा गाडी का चालत नाही म्हणून रडत होता, मी कशासाठी रडतेय हे त्याला कळलं नाही. आता २.४ गिगाहर्ट्झवर रिमोट आणि बोट एकमेकांना ओळखतात, भांडण मिटलं. फक्त या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, नळीत उभी.

मोठ्या माणसांनी खेळण्यातल्या बोटींवर हजारो रुपये उडवावेत याचं तुम्ही कौतुक करता, आश्चर्य वाटतं. – एक वाचक, धंतोली

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल पोराचा असतो आणि मिरवायला बाप पुढे असतो. तिथे तुम्ही नक्की उभे असता.

वय ६८. बँकेतून निवृत्त. तुमच्या बोटींचा आवाज आणि धावपळ मला झेपणार नाही. शांत काही आहे का? – धरमपेठ

भाऊसाहेब, आहे, आणि तुमच्या हिशेबी डोक्याला जास्त मानवेल. शिडाची बोट. रिमोटवर दोनच कामं, एक सुकाणू आणि दुसरं शीड ढिलं-घट्ट करणं. बाकी सगळं वारा करतो.

जगभर सगळ्यात जास्त चालणारा वर्ग म्हणजे इंटरनॅशनल वन मीटर, आयओएम. लांबी जास्तीत जास्त एक मीटर, वजन कमीत कमी चार किलो, आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त वजन पोटाखालच्या पात्यात आणि त्याला लटकवलेल्या शिशात. म्हणून वाऱ्याने कितीही झोपवली तरी बोट उठून बसते. पातं खोल जातं, ४२ सेंटिमीटरपर्यंत, तेव्हा गुडघाभर गाळाच्या तळ्यात ती चालायची नाही. शिडांचे तीन संच असतात, ए, बी आणि सी. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी धूर सरळ वर जातो तेव्हा मोठं ए. मे महिन्यात वावटळी उठतात तेव्हा सी, आणि डोक्याला दुपट्टा.

नियम खऱ्या नौकांच्याच शर्यतीचे, फक्त रेडिओच्या बोटींसाठी 'ई' नावाचं परिशिष्ट जोडलेलं. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या बोटीला वाट द्यायची. चूक केलीत तर कोणी शिट्टी वाजवत नाही, तुम्हीच बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि पुढे निघायचं. मोठ्या माणसाला चारचौघांत स्वतःहून गिरकी घेताना बघणं हा एक वेगळाच आनंद आहे.

गुण उलटे. पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि ज्याची बेरीज कमी तो जिंकला. मोठ्या रेगाटांत, म्हणजे शिडाच्या बोटींच्या शर्यतींत, ६०-७० बोटी आल्या की एकाच वेळी सोडता येत नाहीत, म्हणून गट पाडतात. आधी सगळ्यात खालचा गट धावतो. त्यातले पहिले चार लगेच, शिडं न वाळवता, वरच्या गटात उतरतात. वरच्यातले शेवटचे चार खाली येतात. असं दिवसभर. सकाळी तळात असलेला माणूस चढत चढत वर पोचू शकतो, फक्त जेवायला वेळ मिळत नाही.

शर्यत आम्हीच भरवायची ठरवली तर काय लागेल? आम्ही सहा जण आहोत. – कामठी

तळं ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी, आधी ती. फुटाळ्याचा विचार सोडा, तिथे कारंज्याची यंत्रं पाण्यात आहेत. विसर्जन झालेल्या तळ्यात महिनाभर जाऊ नका, तारा आणि काथ्या पंख्याला गुंडाळतात आणि मोटर आणि पंखा जोडणारा लवचिक फ्लेक्स शाफ्ट तुटतो. एनसीसीच्या नौदल विभागाच्या पोरांना जहाजांची मॉडेलं बनवायला शिकवतात, त्यांच्या नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धाही असते. तिथून शिकून निघालेला एखादा पोरगा ओळखीत असेल तर त्याला पंच करा, त्याला बोटी कळतात आणि तुमच्या सहा जणांपैकी कोणाचा तो मेव्हणा नसतो.

सकाळी साडेसहा ते नऊ. तेव्हा पाणी काचेसारखं असतं. उचलायला एक खरी नाव, नावाडी पोहणारा, अंगात लाइफ जॅकेट, आणि नाव पाण्यात असताना एकही बोट चालू नाही. प्रत्येक हीटनंतर बोटीच्या बाजूच्या छिद्रातून थंड करायच्या पाण्याची धार येत होती का विचारा. येत नसेल तर नळीत शेवाळ आहे आणि पुढच्या हीटला मोटर जळणार.

बोये म्हणून तेलाचे पाच लिटरचे रिकामे डबे घ्या, केशरी रंग मारा, खाली दोरीला वीट बांधा. दोरी पाण्याच्या खोलीपेक्षा हातभरच जास्त ठेवा. मोकळी सोडलीत तर डबा वाऱ्याने फिरतो, आणि मग बोया चुकला की बोया हलला यावर वाद. आमच्याकडे झालाय. दोघं जण दोन रविवार एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तर्री पोह्याचे पैसे वेगवेगळे देत होते.