कर्जाआधी विम्याचा हप्ता थांबवा

कळंब्याच्या एका वाचकाची नोकरी खासगी टेलिकॉम कंपनीच्या पुनर्रचनेत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी जात आहे. नोकरी सुटताना कंपनीकडून, कर वजा जाता, 14 लाख रुपये हाती येतील. त्यातून 13 लाखांचे गृहकर्ज फेडावे की मुदत ठेव करावी, असे ते विचारतात.

कर्ज आता फेडू नका. हाती जेमतेम एक लाख उरेल, आणि पगार नसलेल्या माणसाला बँक पुन्हा कर्ज देत नाही.

मला खरी चिंता वाटते ती पत्राच्या शेवटच्या ओळीची. विम्याचा 2 लाख 40 हजारांचा तिसरा वार्षिक हप्ता आपण याच रकमेतून भरणार आहात. गृहकर्ज घेताना बँकेतील अधिकाऱ्याने ‘पॉलिसी घ्यावीच लागते’ असे सांगून ती गळ्यात मारली. अशी सक्ती करता येत नाही. दहा वर्षांत 24 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी 52 लाख मिळवायचे, म्हणजे परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. आणि कर्जावर आपण नऊ टक्के मोजत आहात. भरलेले 4 लाख 80 हजार वाया जातील या भीतीने आणखी 19 लाख 20 हजार त्यात घालणे मला मुळीच मान्य नाही. हप्ता थांबवा, सरेंडर मूल्य (पॉलिसी आताच मोडल्यास मिळणारी रक्कम) आणि पेड-अप मूल्य (पुढे हप्ते न भरता पॉलिसी चालू ठेवल्यास मुदतीअखेर मिळणारी कमी रक्कम) दोन्ही विमा कंपनीकडून लेखी मागवा आणि फसवणुकीची तक्रारही लेखी करा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.

घरखर्च 40 हजार, कर्जाचा हप्ता 21 हजार आणि विम्याचे महिन्याकाठी 20 हजार धरले, तर 14 लाख सतरा महिने पुरतात. विमा वगळला, तर जवळपास तेवीस. हे सहा महिने आपल्याला लागतील. दोन-तीन महिन्यांत याच क्षेत्रात नोकरी मिळेल, ही आपली आशा मला धोक्याची वाटते: 2016 मध्ये जिओ आल्यानंतर कंपन्या बंद पडल्या किंवा विलीन झाल्या, व्होडाफोन-आयडिया 2018 मध्ये एक झाल्या, आणि 2020 च्या आरंभी बीएसएनएलमधून सुमारे 78 हजार जण स्वेच्छानिवृत्त झाले. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतही आतापासूनच अर्ज करा.

चुलतभावाच्या पतसंस्थेत अकरा टक्क्यांनी पैसे ठेवण्याचा विचारही सोडा. बँकेतील ठेवीला असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेला नसते. आणि मधुमेही आईंचा आरोग्य विमा आपल्या टेलिकॉम कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या गट पॉलिसीतच असल्याने, तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज नोकरीच्या अखेरच्या दिवसाआधी द्या.