हिरमोड, भ्रमनिरास की रसभंग?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: नाताळात 'अ‍ॅना अँड द अपोकॅलिप्स' हा स्कॉटिश चित्रपट पाहिला. झाँबी, नाताळ, शाळकरी मुलं आणि गाणी, सगळं एकत्र. फार उत्सुकतेनं बसलो, शेवटपर्यंत पाहिला, अर्धा आवडलाही, पण हे मिश्रण पुढे जमलं नाही आणि मन खट्टू झालं. 'भ्रमनिरास झाला' असं लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली 'हिरमोड' लिही. बरोबर काय?

माझ्या मते दोन्ही नाहीत.

आधी भ्रमनिरास. पुष्कळ जण तो 'भ्रमनिराश' असा लिहितात, कारण त्यांना त्यात निराशा ऐकू येते. इथे 'निरास' म्हणजे दूर सारणं. निरसन त्याच घरातलं. मनात पक्का बसलेला समज उडून गेला की भ्रमनिरास. एखाद्या नेत्यावर वीस वर्षं ठेवलेला विश्वास उडतो, तिथे तो शोभतो. दीड-दोन तासांच्या चित्रपटाबद्दल तुमचा कसला भ्रम होता? होती ती अपेक्षा. मग 'अपेक्षाभंग' चालेल, पण तो कोरडा शब्द आहे. हिरमोड उत्साहाचा होतो, आणि बहुधा सुरुवातीलाच: मूल सहलीचा डबा घेऊन दारात उभं आणि बाहेर धो धो पाऊस. तुम्ही तर चित्रपट शेवटपर्यंत पाहिलात आणि अर्धा आवडलाही, असं तुम्हीच लिहिलंय.

तुमची तक्रार मिश्रणाबद्दल आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: रसभंग. बोलीत हवा असेल तर 'विरस'.

हा चित्रपट मीही पाहिला आहे. अ‍ॅना कानात इअरफोन घालून गात, नाचत शाळेला निघते आणि तिच्या मागे अख्खं गाव झाँबींच्या तोंडी पडलेलं, हे तिला दिसतच नाही. त्या गाण्यात भीती आणि हसू एकमेकांना धरून आहेत. पुढे जिवाभावाची माणसं जाऊ लागतात, गाणी विरळ होतात, आणि रडावं म्हणेपर्यंत रक्तबंबाळ विनोद अंगावर येतो. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण हेच दोन रस सांगितले आहेत. इथे तिघंही एका घरात. पण आनंदवर्धन या दुसऱ्या काव्यशास्त्रकारानं तोडही दिली आहे: दोन विरोधी रसांच्या मध्ये तिसरा रस आला की विरोध मावळतो. ती उसंत या चित्रपटाच्या उत्तरार्धात नाही. 'अनौचित्यादृते नान्यद् रसभङ्गस्य कारणम्', औचित्य सुटणं याखेरीज रसभंगाला दुसरं कारण नाही, हेही त्याचंच. म्हणजे सरमिसळ हा दोष नव्हे. कशानंतर काय यावं हे चुकलं, हा दोष.

मला याचं वाईट वाटतं. ज्याच्या लघुपटावरून हा चित्रपट झाला तो रायन मॅकहेन्री 2015 साली, ऐन तरुणपणी कर्करोगानं गेला. पुढे दिग्दर्शन जॉन मॅकफेलनं केलं. कल्पना खरोखर गोड होती.

'विरजण पडलं' हा वाक्प्रचारही सुचेल, पण विरजण बाहेरून पडतं: सणाच्या दिवशी वाईट बातमी आली की आनंदावर विरजण. इथे बिघाड आतलाच आहे. 'रसाभास' मात्र वापरू नका, तो वेगळा. अनुचित ठिकाणी जागलेल्या रसाला तो म्हणतात.

तेव्हा असं लिहा: 'पूर्वार्ध रंगला, उत्तरार्धात रसभंग झाला.' मैत्रिणीला सांगताना: 'छान चाललं होतं गं, शेवटी विरस झाला.'