इकोस्प्रिन चालू असली तर लकव्याचं इंजेक्शन चालत नाही?

भाऊ, तुमच्या नानांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत. उद्या लकव्याचा झटका आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्यांना चालणारच नाही, असं चोपडा गावात कुणी सांगितलं म्हणता. तसं नाही. जळगावात २२ वर्षं आयसीयूत सिस्टर होते. याच समजापायी संमतीपत्रावर सही करायला अडलेले मुलगे मी पाहिलेत.

घोळ होतो तो ‘रक्त पातळ करायची गोळी’ या नावामुळे. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना, म्हणजे रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन, डाबिगाट्रान, अपिक्साबॅन यांचं काम निराळं, त्या रक्त गोठण्याची क्रियाच रोखतात. इंजेक्शनला खरी आडकाठी या दुसऱ्या गटाची. वॉरफरिनवाल्याचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) १.७ च्या वर असला, किंवा बाकीच्या दोन्हींपैकी गोळी गेल्या ४८ तासांत पोटात गेली असली, तर डॉक्टर सहसा हात आखडता घेतात.

नानांना धोका अजिबात नाही असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या ८५ हजार रुग्णांच्या नोंदी २०१६ मध्ये छापून आल्या. सगळ्यांना हे इंजेक्शन मिळालेलं. प्लेटलेटच्या गोळ्या घेणाऱ्यांत मेंदूत गंभीर रक्तस्राव ५ टक्के, न घेणाऱ्यांत ३.७. वय, इतर आजार धरून हिशेब केला तर फरक शंभरात एकाहूनही कमी. दोन्ही गोळ्या एकत्र असल्या तर थोडा जास्त, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. पण वय, इतर आजार धरून केलेल्या त्याच हिशेबात, घरी जाताना स्वतःच्या पायांनी चालण्याची शक्यता गोळ्या घेणाऱ्यांतच जास्त निघाली. म्हणून दोन्ही गोळ्या चालू असल्या तरी इंजेक्शन द्यावं, असंच तिथली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

घात होतो तो वेळेने. इंजेक्शनला मुदत साडेचार तास, तीही माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. झोपेत झटका आला तर घड्याळ रात्री निजल्यापासून. आधी चोळणाऱ्याकडे, मग तालुक्याला, मग जळगाव, यात सकाळची दुपार होते. १०८ ला फोन करतानाच सीटी स्कॅन कुठे चालू आहे ते विचारा. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आजच मोबाईलमध्ये ठेवा.

तोंड वाकडं दिसलं की हार्ट अटॅकमध्ये देतात तशी इकोस्प्रिन चघळायला देऊ नका. झटका रक्तस्रावाचाही असू शकतो, शिवाय घास श्वासनलिकेत जातो. आणि झटक्याच्या भीतीने आत्ताच्या गोळ्याही बंद करायच्या नाहीत, स्टेंट आहे.

इंजेक्शननंतर मात्र २४ तास, पुन्हा सीटी होईपर्यंत, या गोळ्या थांबवतात. तेव्हा ‘हार्टची गोळी चुकवली’ म्हणून वॉर्डात सिस्टरशी भांडू नका, आम्ही ती मुद्दाम देत नसतो.