तीन लहान नगरपालिकांचं पगार, बिलं, भरतीचं काम एकाच कार्यालयात आणावं का?

आणा, पण इतक्यात जागा शोधायला लागू नका. 'आकार वाढला की खर्च घटतो' असं तुमच्या सल्लागाराने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. मी अशाच एका सामायिक कक्षाच्या लेखा शाखेत काम करतो. माझ्या मते खर्च घटतो तो कामाची पद्धत एक झाली म्हणून. आकाराचा वाटा त्यात थोडाच.

ओव्हरटाइमचंच घ्या. एका पालिकेत तो हजेरीच्या मशीनवरून निघतो, दुसरीत विभागप्रमुखाच्या सहीच्या कागदावरून, तिसरीत पैशांऐवजी बदली सुट्टी मिळते. तिन्ही पद्धती जशाच्या तशा एका टेबलावर आणल्या तर टेबल एक होतं, कारकून तीनच लागतात. शिवाय फोन वाढतात: "माझा ओव्हरटाइम का लागला नाही?" पहिल्या वेळी काम नीट न झाल्यामुळे येणाऱ्या अशा विचारणांना ब्रिटिश सल्लागार जॉन सेडन 'फेल्युअर डिमांड' म्हणतात. गंमत अशी की मासिक अहवालात हेच फोन 'हाताळलेली प्रकरणं' म्हणून मोजले जातात आणि कक्ष खूप राबतोय असं दिसतं! तेव्हा आधी तिन्ही पालिकांच्या सर्वसाधारण सभांकडून नियम एक करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, वर्षभरही लागेल, पण मग पगारबिलं एकत्र आणणं सोपं जातं.

पुरवठादारांची बिलं जास्त त्रास देतात. बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक नसला की ते अडतं. लेखापाल त्याच इमारतीत असेल तर पलीकडच्या खोलीत डोकावून "पाइप आले का हो?" एवढं विचारतो आणि बिल पुढे सरकतं. कक्ष दूर गेला की त्याच प्रश्नाचं 'तिकीट', म्हणजे संगणकावरची विचारणेची नोंद, होतं, आणि ते कोणाच्या नावावर टाकायचं इथपासून सुरुवात. म्हणून प्रत्येक पालिकेत एक जाणता माणूस राहू द्या. बचतीच्या तक्त्यात सर्वात आधी कात्री लागते ती याच पदाला.

भरती शेवटी घ्या. करांच्या नोटिसा एका ठिकाणी छापायला हरकत नाही, हरकतींची सुनावणी मात्र ज्या त्या पालिकेतच ठेवा.

आता करार. इंग्लंडमध्ये सॉमरसेट कौंटीने 2007 मध्ये आयबीएमला सोबत घेऊन 'साउथवेस्ट वन' ही अशाच सामायिक सेवांची कंपनी काढली, आणि दहा वर्षांचा करार मुदतीआधीच गुंडाळला. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन-चेल्सी आणि हॅमरस्मिथ-फुलहॅम या तीन बरोंनी (शहरातल्या स्थानिक पालिकांनी) 2011 पासून सेवा एकत्र केल्या. 2014 मध्ये हॅमरस्मिथमध्ये सत्ता बदलली, पुढे संबंध ताणले गेले आणि 2017 मध्ये बाकीच्या दोघांनी बाहेर पडायची नोटीस दिली. तुमच्याकडेही तीन सभा, तीन निवडणुका. एखादी पालिका बाहेर पडली तर कर्मचारी कोणाचे, जुन्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळणार आणि सॉफ्टवेअरच्या उरलेल्या हप्त्यांचा भार कोणावर, हे पहिल्याच मसुद्यात लिहून घ्या. नंतर त्यावर कोणी सही करत नाही.