जेवणाच्या टेबलावरचा दंडाचा डबा

घणसोलीहून एका वडिलांनी लिहिलेल्या पत्राचा सारांश असा: ‘माझी मुलगी १९ वर्षांची असून ठाण्याच्या महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. दहावीला ८६ टक्के आणि बारावीला ७४ टक्के गुण होते. नव्या विमानतळावर ग्राउंड स्टाफ म्हणून काम करण्याची तिची इच्छा आहे. एका मुलाखतीत “टेल मी अबाउट युवरसेल्फ” या पहिल्याच प्रश्नाला ती अडकली आणि रडत घरी आली. त्यानंतर तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. घरातही नियम केला, की रात्री जेवताना जो मराठी बोलेल त्याने शब्दामागे दहा रुपये डब्यात टाकायचे. आतापर्यंत ३४० रुपये जमले, त्यांतले बहुतेक तिचेच. तिच्या आईला इंग्रजी येत नसल्याने ती जेवताना गप्प असते. एवढे करूनही मुलगी बोलत नाही, उलट कमी बोलू लागली आहे. इंग्रजी बोलता न आल्याने माझे प्रमोशन हुकले होते, तिचे तसे होऊ नये. ३५ हजारांचा ॲडव्हान्स कोर्स लावू, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेऊ, की सरळ बँकेच्या परीक्षांकडे वळवू?’

सप्रेम नमस्कार.

मुलीचे गुण, क्लासची फी आणि तिच्या चुका यांविषयी तुम्ही सविस्तर लिहिले आहे. पत्नीविषयी मात्र एकच वाक्य आहे, आणि तेही जाता जाता आलेले. ‘तिच्या आईला इंग्रजी येत नसल्याने ती जेवताना गप्प असते.’ मी त्या वाक्यापाशी थांबले आणि बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. मुलीच्या इंग्रजीपेक्षा मला तुमच्या घरातील त्या तासाची काळजी अधिक वाटते, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

सकाळी मुलगी ठाण्याची गाडी पकडते, तुम्ही एमआयडीसीत कामाला जाता, आणि तिघे जण निवांतपणे एकत्र बसता ते रात्रीच्या जेवणालाच. त्या वेळी ‘आज कॉलेजात काय झालं गं?’ एवढे विचारायचे झाले तरी आईला दंड भरावा लागतो, आणि आईला उत्तर द्यायचे झाले तर मुलीला भरावा लागतो. या व्यवस्थेतून मुलगी दोन गोष्टी शिकते आहे. पहिली अशी, की इंग्रजी सुरू झाली की आईने गप्प बसायचे असते. दुसरी अशी, की तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येक शब्द तपासून घ्यावा, कारण चुकीची किंमत मोजावी लागते. मुलाखतीच्या खोलीत तिची जीभ ज्या सवयीमुळे अडली, त्याच सवयीचा सराव तुम्ही तिच्याकडून रोज रात्री घरी करून घेत आहात. ती कमी बोलू लागली आहे हे तुम्हाला नियमाचे अपयश वाटते. मला तो नियमाचा सरळ परिणाम वाटतो.

तुमच्या हुकलेल्या प्रमोशनचे दुःख मी कमी लेखत नाही. काम येत असताना केवळ बोलता न आल्याने मागे राहणे हा अन्याय आहे आणि तो वर्षानुवर्षे सलतो. परंतु ते दुःख तुमचे आहे, आणि त्याची परतफेड १९ वर्षांच्या मुलीने करावी ही अपेक्षा योग्य नाही, हे मला स्पष्टच सांगावे लागेल.

आता एका गैरसमजाविषयी, कारण दंडाचा डबा त्याच गैरसमजातून आला आहे. ‘मराठी बंद केली की डोक्यात आपोआप इंग्रजी सुरू होते’ असे अनेक पालकांना वाटते. प्रत्यक्षात मराठीला मज्जाव केल्यावर मूल मराठीतच विचार करते, फक्त तो विचार मनातल्या मनात भाषांतरित करू लागते, आणि मराठीतून इंग्रजीत होणारे तत्काळ भाषांतर हे अतिशय अवघड काम आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘मी काल क्लास सुटल्यावर मैत्रिणीबरोबर स्टेशनला’ इथपर्यंत बोलले तरी ‘गेले’ की ‘थांबले’ हे ठरवायला आपल्याला सवड असते. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद द्यावे लागते, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला अख्खे मराठी वाक्य मनात पूर्ण करून, त्याचे शेपूट पुढे आणून, मगच पहिला शब्द उच्चारता येतो. तुमची मुलगी जिथे थांबते ती हीच जागा आहे. यावर उपाय म्हणजे सुटे शब्द पाठ करण्याऐवजी तयार तुकडे तोंडात बसवणे. ‘आय वॉज अबाउट टू’, ‘डू यू माइंड इफ’, ‘आय ॲम नॉट शुअर, बट’ यांसारखे तुकडे अखंड जिभेवर आले की क्रियापद कुठे ठेवायचे हा विचारच करावा लागत नाही. मराठीही आपण अशीच शिकलो. ‘काही हरकत नाही’ म्हणताना कोणी त्याचे व्याकरण मांडत बसत नाही.

राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय आहे. म्हणजे तुमच्या मुलीने दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी वाचले आणि लिहिले आहे. रोजच्या संभाषणाचा फार मोठा भाग दोन-तीन हजार शब्दांच्या भांडवलावर चालतो, आणि त्यांतले बहुतेक शब्द तिला वाचून ओळखता येत असणार. तिची अडचण शब्दांची नसून तोंडाच्या आणि कानाच्या सवयीची आहे. क्लासने तिला दोनशे वाक्प्रचारांची यादी पाठ करायला दिली, असे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. ती यादी बाजूला ठेवावी. मुसळधार पावसासाठी मांजरे आणि कुत्री आकाशातून पडण्याचा तो प्रसिद्ध वाक्प्रचार आज इंग्रज माणूसही रोजच्या बोलण्यात क्वचितच वापरतो.

सहज इंग्रजी कशाला म्हणायचे, हे तुमच्या मुलीला हव्या असलेल्या कामावरूनच सांगते. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला विमाने उडू लागली, तेव्हापासून या कामाविषयी विचारणारी पत्रे मला वरचेवर येतात. तिथे काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला भाषण करायचे नसते. प्रवाशाकडून ओळखपत्र मागायचे असते, सामानाचे वजन जास्त झाल्याचे त्याला न दुखावता सांगायचे असते, आणि विमानाला उशीर झाल्यावर चिडलेल्या कुटुंबाला शांत करायचे असते. मराठीत आपण हे कसे करतो? ‘जरा ओळखपत्र दाखवता का?’ या वाक्यात ‘प्लीज’ला प्रतिशब्द कुठेच नाही. सगळे अगत्य ‘जरा’मध्ये, प्रश्नार्थक वळणामध्ये आणि ‘दाखवता’ या आदरार्थी रूपामध्ये आहे. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तिघांसाठी एकच ‘यू’ असल्याने ते अगत्य ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘आय ॲम अफ्रेड’ अशा रचनांत ठेवावे लागते. आपली मुले ‘शो मी युवर आयडी’ म्हणतात तेव्हा व्याकरण अचूक असते, पण समोरच्याला तो हुकूम वाटतो. त्या मुलांच्या मनात उद्धटपणा नसतो. मराठीतला ‘जरा’ त्यांना इंग्रजीत सापडलेला नसतो, इतकेच. हा ‘जरा’ शोधून देणारा शिक्षक मिळाला तर त्याला फी जरूर द्यावी.

दुसरी अडचण कानाची. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखे वजन देतो, तर इंग्रजीत शब्दातल्या एखाद्या अक्षरावर आघात, म्हणजे जोर, येतो आणि बाकीची अक्षरे पुसट होतात. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात ‘फो’वर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये तो ‘टो’वर सरकतो आणि ‘फो’चा नुसता ‘फ’ ऐकू येतो. ‘कम्फर्टेबल’ हा शब्द बोलताना ‘कम्फ्टबल’ होतो, आणि ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’मधले अर्धे शब्द एकमेकांत मिसळून जातात. वाचलेले सर्व कळते आणि ऐकलेले कळत नाही, असे मुले सांगतात त्याचे कारण हे आहे. कृत्रिम परदेशी ढब आणण्याची मुळीच गरज नाही. भारतीय उच्चारांतले स्पष्ट इंग्रजी सर्वत्र चालते. आघात मात्र योग्य जागी हवा.

म्हणून ३५ हजारांचा कोर्स लावू नये. घणसोलीहून ठाण्याला जाताना तिने दोन-तीन मिनिटांचे एकच साधे संभाषण आठवडाभर पुन्हा पुन्हा ऐकावे, आणि घरी आल्यावर त्या आवाजाच्या पाठोपाठ, त्याच लयीत, मोठ्याने म्हणावे. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर असे साहित्य विनामूल्य आहे आणि लिखित मजकूरही सोबत मिळतो. आठवड्यातून तीनदा वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीबरोबर वीस मिनिटे इंग्रजीत बोलावे, आणि त्या वीस मिनिटांत कोणीही कोणाची चूक काढू नये. रोज एक मिनिट स्वतःचे बोलणे फोनवर रेकॉर्ड करून महिन्याने पहिले आणि शेवटचे रेकॉर्डिंग तिने एकटीने ऐकावे. ते तुम्ही मागू नये.

आयईएलटीएस परदेशी जाणाऱ्यांसाठी आहे, तिला त्याची आज गरज नाही; आणि बँकेच्या लिपिक परीक्षेतले इंग्रजी वाचून सोडवण्याचे असते, त्यामुळे ती वाट तिला स्वतःला हवी असेल तरच धरावी, बोलण्याच्या भीतीने नव्हे.

राहिला तो मुलाखतीतला प्रश्न. ‘स्वतःविषयी सांग’ याचे उत्तर तिला मराठीत तरी देता येते का, हे कोणी पाहिले आहे काय? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना ते देता येत नाही. नाव, गाव आणि टक्केवारी सांगून झाली की ती थांबतात, आणि दोष इंग्रजीला देतात. तुमच्या मुलीला काय आवडते, गर्दीत ती कशी वागते, कोणत्या प्रसंगी तिने एखादी अडचण निभावून नेली, हे तिला आधी स्वतःच्या भाषेत सापडले पाहिजे. या बाबतीत तिला सर्वांत जास्त मदत करू शकेल अशी व्यक्ती तुमच्या घरात आहे, आणि नेमके तिलाच सध्या जेवताना बोलता येत नाही. तेव्हा जेवणाची वेळ मराठीला परत द्यावी. मायलेकींना या प्रश्नावर बोलू द्यावे, तुम्ही ऐकावे. तिथे जे निघेल त्यातून पाच-सहा साधी इंग्रजी वाक्ये मुलगी स्वतः तयार करील.

तुमच्यासाठीही एक काम आहे. इंग्रजी बोलण्याची इच्छा तुमच्या मनात अजून आहे, असे पत्रावरून जाणवते. रविवारी सकाळी चहाच्या वेळी दहा मिनिटे तुम्ही मुलीशी इंग्रजीत बोलावे, अडखळत आणि चुकत, आणि अडलेला शब्द तिला विचारावा. आपल्यापुढे चुकणारे वडील तिने अद्याप पाहिलेले नाहीत. पत्नीसमोर मुलीची परीक्षा घेणे मात्र कायमचे थांबवावे.

डब्यातले ३४० रुपये आज रात्री जेवणापूर्वी तिला परत द्या, आणि ते का परत देत आहात हे तिला मराठीत सांगा.